बाळंतपणानंतरची पाळी: कधी येते, कशी येते, कुठे फसगत होते

बाळ झाल्यावर पाळी कधी सुरू होणार, याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं मिळतं. त्यातलं एक मात्र हमखास अंगाशी येतं: "पाळी आली नाही ना, मग दिवस राहायचे नाहीत." म्हणून इथे नेमकं लिहिलं आहे. किती दिवस, किती रक्त, काय बिघडतं आणि का.

*

पहिला गोंधळ बाळंतपणानंतर अंगावरून जातं त्याचा. ती पाळी नव्हे. वार सुटून आल्यावर गर्भाशयाच्या आत राहिलेली जखम भरून येताना हा स्राव होतो. पहिले 3-4 दिवस लालभडक, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, पुढे पिवळट-पांढरा. एकूण 4 ते 6 आठवडे, सिझेरियन असलं तरीही. बाळाला पाजताना ओटीपोटात कळ येऊन जास्त जातं, कारण त्या वेळी सुटणाऱ्या ऑक्सिटोसिन या हार्मोनने गर्भाशय आकसतं. रंग फिका झाल्यावर एखाद्या दिवशी पुन्हा लाल दिसलं, तर बहुतेकदा आदल्या दिवशी दगदग झालेली असते. आराम केल्यावर ते कमी व्हायला हवं.

स्राव थांबला, मध्ये कोरडे दिवस गेले आणि मग ताजं लाल रक्त आलं, तर ती पाळी धरायची. फक्त अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिल्या 56 दिवसांत दिसलेलं रक्त पाळीत मोजत नाहीत.

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि सलग दोन तास तेच चाललंय, अंड्याएवढ्या गाठी पडतायत, 38 अंश सेल्सियसच्या (100.4 फॅरनहाइटच्या) वर ताप आहे, किंवा स्रावाला घाण वास येतोय, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. "बाळंतिणीला जातंच" म्हणून हे अंगावर काढलं जातं, त्याचं फार वाईट वाटतं.

*

बाळ पूर्णपणे वरच्या दुधावर असेल तर पाळी साधारण 6 ते 12 आठवड्यांत येते. बीज त्याच्या सुमारे दोन आठवडे आधी सुटतं, कधी चौथ्या आठवड्यातच. म्हणून अशा आईने गर्भनिरोधन 21व्या दिवसापासून सुरू करायला हवं. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत थांबणं काहींना महागात पडतं.

*

अंगावर पाजणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. बाळ चोखतं तेव्हा बीजकोशाला जागं करणारे मेंदूकडचे संदेश मंदावतात. त्यामुळे दूध किती येतं यापेक्षा बाळ किती वेळा ओढतं हे मोजायचं.

अंगावर पाजण्याने दिवस राहणं टळतं, पण त्याच्या अटी ठरलेल्या आहेत. 1988 साली इटलीत बेलाजिओ इथे तज्ज्ञांचं यावर एकमत झालं. बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळ फक्त अंगावरच्या दुधावर. तिन्ही एकदम पाळल्या तर 98 टक्के संरक्षण मिळतं. दोन पाजण्यांमध्ये दिवसा 4 आणि रात्री 6 तासांहून जास्त खंड नको. यातली एक जरी अट मोडली तर त्याच दिवसापासून दुसरं साधन वापरायचं.

अट मोडते ती नकळत. बाळ अचानक रात्री आठ तास झोपू लागतं आणि सगळे खूश होतात. आई कामावर रुजू होते. पंपाने काढलेलं दूध बाळाच्या पोटात जातं, पण चोखण्याचा परिणाम पंपाने तितका होत नाही. वरचं अन्न सुरू होतं. कोणी रात्रीची एक बाटली "आईला झोप मिळावी" म्हणून देतं; देऊ द्यावी, पण त्याचा अर्थ माहीत असावा.

आणि बाळंतपणानंतर पाळी जितकी उशिरा येते, तितकी पहिल्या पाळीच्या आधीच बीज सुटण्याची शक्यता वाढते. वर्षभर पाजणाऱ्या आईला "रक्त दिसलं की बघू" म्हणता येत नाही.

*

पहिले काही महिने पाळीचं चक्र वेडंवाकडं असतं. एक 24 दिवसांनी, दुसरी 50 दिवसांनी, मध्ये नुसते डाग. बीज न सुटताही रक्त येतं, म्हणून तारखांवरून सुरक्षित दिवस काढू नयेत. कॅलेंडरवर तारीख, दिवस आणि पॅडची संख्या लिहीत जा. रक्त बरंच जात असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या; 12च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारा.

पाळीच्या आसपास दूध उतरायला वेळ लागतो, स्तनाग्रं हुळहुळतात, बाळ तोंड लावून सोडतं. बीज सुटण्याच्या सुमारास दुधातलं मीठ किंचित वाढतं आणि साखर किंचित घटते. दूध खराब होत नाही. दोन-तीन दिवस जास्त वेळा पाजलं की गाडी रुळावर येते. पाळी आली म्हणून बाळाला अंगावरून तोडायचं मुळीच कारण नाही. दुखत असेल तर पाजणाऱ्या आईला आयबुप्रोफेन चालतं; अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा. अ‍ॅस्पिरिन टाळा.

*

साधनांचा पाळीवर होणारा परिणाम आधीच माहीत असला की घाबरगुंडी उडत नाही. तांबीने पहिले 3 ते 6 महिने रक्त जास्त जातं आणि दुखतंही. हार्मोनच्या इंजेक्शनने आधी डाग पडत राहतात, मग पाळी थांबते. दोन हार्मोन एकत्र असलेल्या (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन) गोळ्या पाजणाऱ्या आईने 6 आठवड्यांच्या आत घेऊ नयेत, शक्यतो 6 महिन्यांपर्यंत नकोच. पाळीचा कप किंवा टॅम्पॉन बाळंतपणानंतर 6 आठवडे आत घालू नये. आधीचा कप गळू लागला तर मोठा आकार लागू शकतो.

*

सिझेरियननंतर पाळी संपल्यावरही चार-पाच दिवस तपकिरी डाग राहत असतील, तर टाक्यांच्या जागी आतून खाच पडून तिथे रक्त साठत असू शकतं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतं. ही तक्रार सांगायला लाजू नका.

*

पाजणं पूर्ण बंद करून 3 महिने झाले तरी पाळी नाही, तर आधी गर्भधारणेची चाचणी, मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) यांची तपासणी. दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं आणि नंतर दूधच आलं नाही, थकवा जात नाही, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला इजा झाली असू शकते. किंवा बाळंतपणानंतर गर्भाशयाची पिशवी साफ करावी लागली होती आणि आता दर महिन्याला कळ येते पण रक्त येत नाही, तर आतले थर चिकटले असू शकतात.

*

पाळी न येताच दिवस राहिले, तर शेवटच्या पाळीची तारीखच नसते. अंदाजाने तारीख सांगू नका. "बाळंतपणानंतर पाळी आलेली नाही" एवढंच सांगा आणि पहिल्या 13 आठवड्यांत सोनोग्राफी करून घ्या. गर्भाच्या लांबीवरून तारीख तेव्हाच सगळ्यात नेमकी निघते.