गटारीआधीचा हिशेब: ‘थोडीशी’ म्हणजे किती?

ए-203: ‘रोज एक पेग हृदयाला चांगला’ हा फॉरवर्ड आज सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आलाय. डॉक्टर मॅडम, यात कितपत तथ्य आहे? गटारी तोंडावर आलीय म्हणून विचारतो.

बी-302 (डॉक्टर): काका, आधी ‘एक’ म्हणजे किती ते मोजूया. मिली गुणिले टक्के, भागिले 100, गुणिले 0.79. उत्तर येईल ते ग्रॅममधलं शुद्ध अल्कोहोल. 42.8 टक्क्यांची व्हिस्की 30 मिली घेतली तर 10 ग्रॅम, लार्ज म्हणजे 60 मिली घेतली तर 20. आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली? 41 ग्रॅम! ‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर’ म्हणणाऱ्याच्या पोटात चार स्मॉल गेलेले असतात.

डी-504: आणि माइल्ड?

बी-302 (डॉक्टर): 5 टक्के असेल तर बाटलीला 26 ग्रॅम.

आता हृदयाचं. जुन्या अनेक पाहण्यांत ‘न पिणारे’ या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला आणि थोडी पिणारे ठणठणीत. त्यातून थोडी पिणाऱ्यांची कमाई, खाणंपिणं, व्यायाम बहुतेकदा बरा असतो. हे सगळं वेगळं काढलं की तो फायदा बराचसा विरून जातो. रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढतात, ते मात्र खरं.

डी-504: कॅन्सरचा धोका खूप पिणाऱ्यांनाच ना?

बी-302 (डॉक्टर): नाही हो ताई, हाच गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. शरीरात अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, तोंडातले जंतूही ते बनवतात, आणि ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1988 मध्येच मद्य पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेल्या गोष्टींत टाकलं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन. स्तनाच्या कॅन्सरचा धोका रोजच्या दर 10 ग्रॅममागे साधारण 7 ते 10 टक्क्यांनी वाढतो. वाईन असली तरी तेच. सोबत तंबाखू किंवा गुटखा असेल तर तोंडाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

सी-101 (फार्मासिस्ट): गोळ्यांचं मी सांगतो. मधुमेहाला ग्लिमेपिराइड चालू असेल तर विशेष जपा. यकृत अल्कोहोल पचवण्यात गुंतलं की साखर तयार करणं मागे पडतं. पोटात जेवण नसेल तर मध्यरात्री शुगर उतरते. घाम, बरळणं, झोक जाणं ही लक्षणं चढल्यासारखीच दिसतात, म्हणून घरचे ‘झोपू दे’ म्हणतात. झोपू देऊ नका, शुगर तपासा. शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी द्या, नसेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा.
झोपेच्या गोळीसोबत दारू अजिबात नको, श्वास मंदावतो. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावरही तीन दिवस थांबा.

ए-203: मग मर्यादा किती धरायची?

बी-302 (डॉक्टर): पूर्ण सुरक्षित असं प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. कॅनडाने त्याच वर्षी कमी धोक्यासाठी आठवड्याला दोन ड्रिंक सांगितली, म्हणजे सुमारे 27 ग्रॅम. ब्रिटनची मर्यादा आठवड्याला 112 ग्रॅम. मला कॅनडाचं पटतं. गरोदरपणात मात्र शून्यच.

ए-203: सकाळी गाडी चालवायची असेल तर?

बी-302 (डॉक्टर): यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच उरकतं. तीन लार्ज म्हणजे 60 ग्रॅम, सहा ते साडेआठ तास. रात्री 12 ला संपवली तर सकाळी 7 ला रक्तात काही उरलेलं असू शकतं. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम. कॉफीने, आंघोळीने, लिंबूपाण्याने हा वेग वाढत नाही.

सी-101 (फार्मासिस्ट): एक राहिलंच. रोज भरपूर घेणाऱ्याने श्रावण पाळायचा म्हणून एकदम बंद करू नये. हात थरथरतात, दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रमही होऊ शकतो. आधी डॉक्टरांना भेटा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मराठीत बोलतात.