अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची एव्हिएशन डिग्री घेऊन परत आलं तर डीजीसीएत (आपल्या विमान वाहतूक नियामकाकडे) कुठे अडतं?

मनीषनगर_फाटक
नमस्कार मंडळी. लहान बहीण यंदा बारावीला आहे, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही विषय आहेत, पायलटच व्हायचं म्हणते. एका एजंटनं अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजचा प्लॅन दिला आहे. दोन वर्षांत एव्हिएशन मॅनेजमेंटची असोसिएट डिग्री आणि सोबत प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट, कमर्शियल अशी तिन्ही लायसन्स. त्याच्या म्हणण्याप्रमाणे डिग्रीमुळे तिकडेच एअरलाइनमध्ये लागता येतं, आणि नाहीच जमलं तर भारतात लायसन्स बदलून घ्यायला "फक्त कागदपत्रं" लागतात. हे कितपत खरं? नागपुरात बसून आधी काय काय तपासून घ्यावं?

हॉब्स_मीटर
"फक्त कागदपत्रं" म्हणणाऱ्या माणसाला एकच विचारा, कोर्स पार्ट ६१ चा की पार्ट १४१ चा? उत्तर आलं नाही तर तिथूनच उठा.

पार्ट १४१ म्हणजे एफएएनं (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं) मंजूर केलेला, सिलॅबस बांधलेला कोर्स. कॉलेजांचे कोर्स बहुतेक यातलेच असतात. त्यात किमान तास प्रायव्हेटला ३५, इन्स्ट्रुमेंटला ३५ आणि कमर्शियलला १२०, म्हणजे एकूण १९०. यातले काही तास सिम्युलेटरवर चालतात. पार्ट ६१ मध्ये, म्हणजे असा बांधलेला कोर्स नसताना, कमर्शियलला २५० लागतात. आणि डीजीसीएला हवेत २००. म्हणजे १४१ मधून किमान तासांत बाहेर पडलेल्या मुलीकडे अमेरिकेचं खरंखुरं कमर्शियल लायसन्स असतं, तरी इथे तिचे तास भरत नाहीत.

दहा-वीस तास कमी असले तर उडून भरता येतात हो. खरी गोची पीआयसीची. डीजीसीएला २०० पैकी १०० तास पायलट-इन-कमांड (पीआयसी) म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना हवे. एफएएच्या नियमात प्रायव्हेट लायसन्स मिळाल्यावर शेजारी प्रशिक्षक शिकवत बसला असला तरी कंट्रोल तुमच्या हातात आहेत म्हणून तेच तास ड्युअलच्या (प्रशिक्षकासोबतच्या) रकान्यातही जातात आणि पीआयसीच्याही. अमेरिकेत हे कायदेशीर आहे. डीजीसीए मात्र एकाच तासाला ड्युअल आणि पीआयसी दोन्ही मानत नाही. लॉगबुकात पीआयसी १३० दिसतात, ड्युअलवाले वजा केले की ६०-७० उरतात. मग बाकीचे तास स्वतःच्या खर्चानं भाड्याच्या विमानावर. सेफ्टी पायलट म्हणून (दुसरा पायलट डोळे झाकून फक्त उपकरणांवर सराव करताना बाहेर लक्ष ठेवून) मिळालेल्या तासांवरही हिशेब बांधू नका, त्यातही एका विमानात दोघं पीआयसी लिहितात.

रात्रीच्या उड्डाणाचंही तसंच. डीजीसीएला ५ तास आणि पीआयसी म्हणून १० टेकऑफ, १० लँडिंग हवे. अमेरिकेतही ५ तास आणि १० लँडिंगची अट आहे, पण ती प्रशिक्षकाला सोबत बसवूनही पूर्ण करता येते आणि बऱ्याच शाळा विम्यामुळे तसंच करतात. बहिणीनं पहिल्या दिवशीच लेखी सांगावं की रात्रीचे तास सोलो हवेत. क्रॉस-कंट्रीचे (एका विमानतळावरून लांबच्या दुसऱ्यावर जाण्याचे) पीआयसी तास इथे २० लागतात, त्यात एक फेरी ३०० नॉटिकल मैलांची, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. हे सहसा अडत नाही, अमेरिकेचीही लांब फेरी ३०० मैलांचीच असते.

अजून एक, फार बारीक आणि फार महागात पडणारं. तिकडे लॉगबुक दशांशात लिहितात. १.३ म्हणजे १ तास १८ मिनिटं, १ तास ३० नव्हे. इकडे तास-मिनिटांत उतरवताना ही चूक शंभर नोंदींत झाली की बेरीज जुळत नाही आणि अख्खी फाइल परत येते.

आय२०_नीट_वाचा
वरच्या भाऊंनी तासांचं सांगितलं, मी "तिकडेच एअरलाइनमध्ये"वर लिहितो.

अमेरिकेत एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसायला एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) सर्टिफिकेट लागतं, साधारण १५०० तासांचं. कॉलेजमुळे सूट मिळते ती अशी: मान्यताप्राप्त कॉलेजची एव्हिएशनमधली बॅचलर्स असेल तर १००० तास, असोसिएट असेल तर १२५०. एजंट सांगतो तो फायदा हाच. पण त्याला अटी आहेत. कॉलेजकडे त्यासाठीचं एफएएचं अधिकृत पत्र हवं, असोसिएटला एव्हिएशनच्या विषयांचे किमान ३० क्रेडिट हवेत, आणि इन्स्ट्रुमेंट व कमर्शियल त्याच कॉलेजच्या १४१ कोर्समधून झालेलं हवं. "एव्हिएशन मॅनेजमेंट" आणि "प्रोफेशनल पायलट" या एकाच कॉलेजात दोन वेगळ्या डिग्र्या असू शकतात. मॅनेजमेंटच्या डिग्रीत उड्डाण जोडलेलं नसेल तर सूटही नाही. वयाची अट आहेच, सूट घेतली तरी २१ पूर्ण.

आता आकडेमोड करा. डिग्री संपेल तेव्हा हातात २०० ते २५० तास, वय वीसच्या आसपास. एफ-१ व्हिसावर डिग्रीनंतर काम करायला ओपीटी नावाची परवानगी मिळते १२ महिन्यांची. स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या डिग्र्यांसाठीची) वाढीव मुदत असोसिएट डिग्रीला मिळत नाही, त्यासाठी किमान बॅचलर्स लागते. म्हणजे १२ महिन्यांत हजार तास भरायचे. महिन्याला ८०-८५ तास, तेही आधी इन्स्ट्रक्टर रेटिंग करून, विद्यार्थी मिळवून, हवामान सांभाळून. आणि ते सगळं जमलं तरी पुढे व्हिसा स्पॉन्सर करणारी एअरलाइन शोधायची. तेव्हा घरचं बजेट "भारतात परत यायचं आहे" असं धरूनच करा.

व्हिसाचं नीट बघा. डिग्रीला एफ-१, निव्वळ फ्लाइंग स्कूलला एम-१. काही ठिकाणी कॉलेज वर्ग घेतं आणि उड्डाण बाहेरची कंपनी शिकवते, तिथे आय-२० (व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा फॉर्म) कोण देतंय आणि त्यात उड्डाणाचा खर्च धरलाय का, ते वाचा. आय-२० वर फक्त ट्यूशन आणि राहणं-खाणं असेल तर बँकही तेवढंच कर्ज मंजूर करेल आणि विमानाचे पैसे मधेच उभे करावे लागतील. साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, म्हणून घराचे कागद आधीच तयार ठेवा.

परदेशी विद्यार्थ्याला उड्डाण सुरू करायच्या आधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) सुरक्षा तपासणी लागते. फी १४० डॉलर, मंजुरी पाच वर्षांसाठी. बोटांचे ठसे द्यावे लागतात. ती येईपर्यंत विमानात शिकता येत नाही, म्हणून कॉलेजला पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकायचा. शिवाय पत्ता अमेरिकेबाहेरचा असेल तर एफएएकडे तिथला एक एजंट नोंदवावा लागतो. (हा तुम्हाला प्लॅन देणारा एजंट नव्हे!)

बर्डी_ते_बिरसी
अमेरिका राहू द्या बाजूला, पहिलं काम मेडिकल. एफएएचं फर्स्ट क्लास मेडिकल डीजीसीएला चालत नाही. आधी क्लास २, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून, मग क्लास १ मान्य केंद्रावर. रंग ओळखण्याची चाचणी, दृष्टी (चष्म्यानं पुरेशी सुधारत असेल तर चालतं), कानांची ऑडिओमेट्री, ईसीजी, रक्त, छातीचा एक्स-रे. हिमोग्लोबिन कमी किंवा वजन उंचीच्या मानानं जास्त, अशा साध्या कारणांनी "तात्पुरते अनफिट" मिळतं आणि महिने जातात. क्लास १ हातात येण्याआधी कुठल्याही शाळेला एक रुपया देऊ नये.

दुसरं नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर काहींचं वडिलांचं नाव असतं, काहींचं नसतं. अमेरिकेतलं लायसन्स पासपोर्टप्रमाणे बनतं आणि इथला कॉम्प्युटर नंबर (डीजीसीएच्या परीक्षांचा नोंदणी क्रमांक) मार्कशीटप्रमाणे. दोन्हींत फरक पडला की प्रतिज्ञापत्रं, गॅझेट, हेलपाटे. जायच्या आधी पासपोर्ट दहावीच्या सर्टिफिकेटशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. बारावीचं बोर्डाकडून पडताळणीपत्रही आताच मागवा. आपलं विभागीय मंडळ नागपुरातच आहे, बाहेरगावच्या मुलांसारखी पायपीट नाही.

परत आल्यावर परदेशी लायसन्सवाल्याला सगळे पेपर नसतात. एअर रेग्युलेशन्स, आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित कंपोझिट पेपर, दोन्हींत ७० टक्के. शिवाय आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलण्याचं लायसन्स. ते आधी टेलिकॉम खात्याकडे होतं, २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमानं डीजीसीएकडे आलं. अमेरिकन लायसन्स खरं आहे असं एफएएकडून थेट डीजीसीएला कळवलं जातं, त्याची विनंती एफएएकडे तिनंच टाकायची असते, शाळा टाकत नाही. अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांत १५ तास पीआयसी झालेले हवेत, आणि तास जुने झाल्यामुळेच सगळ्यात जास्त मुलं अडकतात. तिकडून येऊन पेपरांच्या अभ्यासात आठ महिने घालवले की उड्डाण परत करावं लागतं. पेपरचा अभ्यास तिकडे असतानाच सुरू करायचा.

जवळचे पर्यायही बघून या. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर एनएफटीआय ही उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे, हावडा लाइननं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. अमरावतीला बेलोऱ्यात एअर इंडियानं २०२४ मध्ये अकादमी जाहीर केली. सोनेगावला नागपूर फ्लाइंग क्लब फार जुना. कुठेही जा, तीनच गोष्टी विचारा: डीजीसीएची मंजुरी आज चालू आहे का, विमानं किती आणि त्यातली उडणारी किती, मागच्या बॅचला २०० तास व्हायला किती महिने लागले. अठरा महिने छापलेले असतात, विमान सुट्या भागांसाठी उभं राहिलं की अडीच वर्षं होतात.

आपल्याकडचा उन्हाळाही धरा. नागपूर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर, पण ४५ डिग्रीला विमानाला ते जवळपास पाच हजार फुटांसारखं वाटतं. दोन माणसं आणि पूर्ण इंधन घेऊन सेसना १५२ रडत-रडत चढते. म्हणून मे महिन्यात उड्डाण पहाटेच, पावसाळ्यात ढग हटायची वाट बघायची, आणि हिवाळ्यात सकाळच्या धुक्यानं पहिला स्लॉट जातो.

मनीषनगर_फाटक
मोठी मदत झाली, खूप आभार. मेडिकलची तारीख या आठवड्यातच घेतो. एकच विचारायचं राहिलं. मॅनेजमेंटच्या डिग्रीला इथे किंमत आहे का? उद्या मेडिकल गेलं तर हाताशी काही असावं, असं आईचं म्हणणं आहे.

हॉब्स_मीटर
आई बरोबर बोलतात, पण दोन वर्षांची असोसिएट इथे पदवीच्या बरोबरीची धरली जात नाही. क्रेडिट पुढे नेऊन बॅचलर्स पूर्ण केली तरच त्याचं मोल. पायलटच्या नोकरीला पदवीची अट नाही, बारावी फिजिक्स-मॅथ्स पुरे. हाताशी काही हवंच असेल तर इथूनच फिजिक्स-मॅथ्सची बीएस्सी करा. एअरपोर्ट अथॉरिटीच्या एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) भरतीला बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं, एव्हिएशनच्या बीबीएला तिथे अर्जही भरता येत नाही. आणि मिहानमध्ये एआयईएसएलचं (पूर्वी एअर इंडियाची असलेली कंपनी) आणि इंडामेरचं विमान दुरुस्तीचं काम आहे, तिथे माणसं लागतात ती एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) लायसन्सवाली. मॅनेजमेंटच्या सिलॅबसमध्ये लोड अँड ट्रिम, डेंजरस गुड्स, सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम हे विषय सापडले नाहीत तर तो कोर्स चेक-इन काउंटरपुरताच समजा.

आय२०_नीट_वाचा
आणि एअरबसचं टाइप रेटिंग (त्या ठरावीक विमानाचं वेगळं प्रशिक्षण) या सगळ्या खर्चात धरलेलं नसतं. त्याचे पंधरा-वीस लाख वेगळे ठेवा. एजंटच्या कागदावर तो आकडा आहे का, ते आजच बघा.