मदत हवी आहे: रानटी अळंब्या ओळखायला शिकायचंय, पुस्तक कसं निवडू?

नमस्कार मंडळी,

पाऊस पडून गेला की दोन वर्षांपासून माझी नजर जमिनीवरच असते. खायच्या नाहीत, हे आधीच सांगते. मला त्या ओळखता यायला हव्यात: कुठली लाकडावर उगवते, कुठली मातीत, कुठली ठरावीक झाडाच्या मुळांशीच.

अडचण पुस्तकाची आहे. माझ्याकडचं रंगीत फोटोंचं आहे; पानावर एक फोटो आणि खाली चार ओळी. मागच्या आठवड्यात गवतात एक पांढरी अळंबी दिसली. टोपी तळहाताएवढी, वर तपकिरी खवले, दांड्याभोवती सैल कडं. पुस्तकातल्या तीन फोटोंशी ती जुळली! एक खाण्याजोगी, एक पोट बिघडवणारी, एक जीवघेणी, आणि तिघींच्या वर्णनात 'पांढरी टोपी, दांड्यावर कडं' एवढंच.

मग टोपी अर्धी काळ्या आणि अर्धी पांढऱ्या कागदावर येईल अशी ठेवली, वर वाटी पालथी घातली. सकाळी टोपीखालच्या पडद्यांची रेघ न् रेघ कागदावर उमटली होती, फिकट हिरव्या रंगात. कितीतरी वेळ तो कागद खिडकीशी धरून बघत होते. पुस्तकात मात्र बीजाणूंच्या, म्हणजे टोपीखालून झडणाऱ्या बियांसारख्या बारीक कणांच्या, रंगाबद्दल अवाक्षर नाही.

नवीन घेताना काय बघू? फोटो बरे की हाताने काढलेली चित्रं? एका परिचितांनी चाळीसेक वर्षांपूर्वीचं जाडजूड पुस्तक देऊ केलंय, ते वापरू का?

प्रतिसाद १

जुनं पुस्तक जरूर घ्या. रचना शिकायला उत्तम असतात ती, चित्रंही अनेकदा फार मेहनतीने काढलेली. पण विषारी की बिनविषारी, यासाठी त्यावर अजिबात विसंबू नका. पॅक्सिलस इन्व्होल्युटस नावाची तपकिरी अळंबी युरोपात पिढ्यान् पिढ्या शिजवून खाल्ली जायची. १९४४ मध्ये ज्युलियस शेफर हे जर्मन कवकशास्त्रज्ञ ती खाऊन दगावले. आयुष्य अळंब्यांच्या अभ्यासात घालवलेला माणूस! पुढे कळलं की पुन्हा पुन्हा खाल्ल्यावर काहींचं शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडू लागतं. तरी नंतरची कित्येक वर्षं काही पुस्तकांत ती खाण्याजोगी म्हणून छापली जात होती.

डीएनए तपासणीमुळे नावंही बरीच बदलली आहेत, त्यामुळे जुनं नाव नव्या पुस्तकात सापडलं नाही तर गोंधळू नका.

प्रतिसाद २

ताई, तुमचा हिरवा ठसा फार मोलाचा आहे. हिरवे बीजाणू असणाऱ्या अळंब्या मोजक्याच. तुमच्या वर्णनावरून क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस असावी; ती उष्ण प्रदेशांत गवतात येते आणि खाल्ली तर जबरदस्त उलट्या-जुलाब होतात. नुसत्या वर्णनावरून छातीठोक सांगणार नाही.

पुस्तक घेण्याआधी मी एक करतो: थेट डेथ कॅपचं, म्हणजे अमॅनिटा फॅलॉइड्स या जीवघेण्या अळंबीचं पान उघडतो. बुडाशी पिशवी असते हे लिहिलंय का? बीजाणूंचा ठसा पांढरा, हे आहे का? कुठल्या अळंबीशी गल्लत होते? शिजवून विष जात नाही, आणि त्रास सहसा ६ ते १२ तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो, हे सांगितलंय का? एवढ्या धोकादायक जातीबद्दल जो लेखक घाईत लिहितो, त्याच्या बाकीच्या पानांवर माझा विश्वास बसत नाही.

फोटोत एकच क्षण सापडतो. चांगल्या चित्रात कळीपासून म्हातारपणापर्यंतची रूपं आणि उभा छेद एकत्र दिसतात. मला दोन्ही लागतात. त्याहून महत्त्वाची ती 'की', म्हणजे प्रश्नांची वाट: ठसा कुठल्या रंगाचा, पडदे दांड्याला चिकटलेले की सुटे, असं करत करत नावापर्यंत नेणारी. डेव्हिड अरोरा यांच्या 'मशरूम्स डिमिस्टिफाइड'मध्ये अशा की भरपूर आहेत. पण तो ग्रंथ उत्तर अमेरिकेचा. पद्धत कुठूनही शिका, नाव लावायला मात्र तुम्ही फिरता त्या भागाचंच पुस्तक हवं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच डेथ कॅपचं पान काढून बघितलं. पिशवीबद्दल अर्धं वाक्य आहे, बाकी काहीच नाही. आणि ते वाचताना लक्षात आलं की मी गवतातली ती अळंबी सुरीने जमिनीलगत कापून आणली होती. बुडखा तिथेच मातीत राहिला. म्हणजे पिशवी होती की नाही, हे मी पाहिलंच नाही! पुढच्या वेळी खुरपं घेऊन जाते. अख्खी उकरल्यावर घरी कशात आणू?

प्रतिसाद २

कागदी पिशवीत, प्रत्येक जात वेगळी. प्लास्टिकमध्ये ओल धरून लगेच कुजतात. आणि उचलण्याआधी भोवतीच्या झाडांचा एक फोटो घ्या.