मदत हवी आहे: इंडिगो रोज टोमॅटोला जांभळा रंग चढत नाही

पुण्यात गच्चीवर इंडिगो रोज जातीची सहा रोपं आहेत, १५ इंची ग्रो बॅगेत. माती, गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात. लागवड नोव्हेंबरच्या सुरुवातीची, आता फळं लिंबाएवढी झालीत. या जातीचं फळ हिरवं असतानाच काळपट जांभळं व्हायला हवं. इथे मात्र देठाजवळ पुसटशी छटा, बाकी सगळं हिरवंगार.

बियाण्याची शंका नको. याच पाकिटातलं एक रोप कठड्याबाहेरच्या कुंडीत आहे आणि त्याची उन्हाकडची बाजू वांग्यासारखी काळी झाली आहे. हा रंग फक्त सालीत येतो आणि तोही थेट ऊन लागेल तिथेच. देठाशी असलेल्या हिरव्या निदलांखाली झाकलेला भाग हिरवाच राहतो.

फळांवरची पानं काढली, फुटवे खुडले, नत्राचं खत तीन आठवडे बंद ठेवलं. फरक नाही. ऊन सहा तास मिळतं, पण वर पारदर्शक पॉलीकार्बोनेटचा पत्रा आहे. तो अतिनील किरण अडवतो, आणि माझा सगळा संशय त्याच्यावरच आहे. पत्रा पूर्ण काढता येणार नाही, बॅगाही हलवता येत नाहीत. दक्षिणेकडचे दोनच पत्रे निघू शकतात.

तेवढे काढले तर आत्ताच्या पूर्ण वाढलेल्या हिरव्या फळांना रंग चढेल, की फक्त नव्या फळांना? आणि फेब्रुवारीच्या उन्हात ही सावलीतली फळं एकदम उघडी पडली तर साल भाजून पांढरी पडेल. ते टाळायला किती दिवस, कोणत्या वेळी झाकावं?