जुनी एसयूव्ही सांभाळताना : तुमचे अनुभव लिहा

पाटाकमान (नाशिक)

नमस्कार मंडळी. घरी 2008 ची स्कॉर्पिओ आहे. 2.6 लिटरचं डिझेल इंजिन, खाली चेसिस आणि वर बॉडी, अशी जुन्या घडणीची. गॅरेजला गेली की घरातलं कुणी ना कुणी "काढून टाका आता" म्हणतंच. म्हणून विचारतो, अशी गाडी शेवटी संपते कशाने? इंजिनाने, गंजाने, वायरिंगने, सुटे भाग मिळेनासे झाल्याने की आरटीओच्या कागदांनी? बोलेरो, सुमो, सफारी, क्वालिस, आर्माडा, जिप्सी, तुमच्या दारात जी असेल तिच्याबद्दल लिहा. काय गेलं, कोणी दुरुस्त केलं, ते टिकलं का. नवी कोणती घ्यावी हा सल्ला कृपया इथे नको.

सुरुवात माझ्यापासून. सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. अलाइनमेंट झाली, बॅलन्सिंग झालं, चाकं पुढची मागे झाली. फरक शून्य. शेवटी सातपूरच्या एका फिटरने गाडी वर घेतली, चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यात (लोअर आर्म) टॉमी म्हणजे लोखंडी पहार घालून उचकटली आणि म्हणाला, "हे बघा साहेब." सांध्यातल्या बुशचं रबर फाटलेलं, बॉल जॉइंट ढिला. त्याची अट एकच होती : दोन्ही बाजूंचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड एकाच वेळी बदलायचे. एकच बुश नवा टाकला तर बाकीच्या ढिल्या भागांचा मार त्यालाच बसतो. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. खालचा सांगाडा ढिला असताना केलेली अलाइनमेंट म्हणजे पैसे पाण्यात.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

इंजिनाने गाडी संपते हे निदान आमच्या गावात तरी कोणी मानणार नाही. शिवाजी उद्यमनगरात पिढ्यान्‌पिढ्या ऑइल इंजिनं घडली, तिथे एक सुमोचं इंजिन म्हणजे काय मोठं? आमची 1990 च्या दशकातली. (सुमो म्हणजे जपानी पैलवान नव्हे बरं का. टाटा मोटर्सचे एकेकाळचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आद्याक्षरं आहेत ती.)

लक्षणं सांगतो. इंजिन चालू असताना ऑइल फिलरचं झाकण काढलं की भकाभका धूर. थंड असताना स्टार्टला त्रास, चढाला निळसर धूर, दोन सर्व्हिसिंगच्या मधे ऑइलची भर. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या. इंजिन उतरवलं, ब्लॉक बोअरिंगला, क्रँक ग्राइंडिंगला. क्रँक 0.25 मिलिमीटरने घासली म्हणजे बेअरिंगही त्याच मापाची लागतात. ती माणूस स्वतः मोजतोय का, की नुसतं डब्यावरचं वाचतोय, एवढं उभं राहून बघा. हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं) करून घेतलं. फ्युएल पंप आणि नोझल वेगळ्या माणसाकडे, ते काम पंप-नोझलवाल्याचंच, इंजिनवाल्याला करू देऊ नये. सगळं जोडल्यावर सुरुवातीला गाडी हलक्या पायाने चालवली, लवकरच एकदा ऑइल आणि फिल्टर बदलला. त्या पहिल्या ऑइलमध्ये बारीक चमक दिसते, घाबरू नका. चकत्या किंवा कण हाताला लागले तर मात्र घाबरा.

खर्च एका चांगल्या सेकंडहँड मोटरसायकलइतका आला. गाडी आजही ऊस, खत, पाहुणे सगळं ओढते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

22 जुलै 2021 ला चिपळुणात पूर आला तेव्हा ज्यांची घरं बाजारपेठेकडे होती त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या वाड्यात दोन गाड्या होत्या. एक भावाची नवी, सेन्सरवाली. दुसरी माझी जुनी, यांत्रिक पंपाची, कॉम्प्युटर नसलेली. दोन्ही छतापर्यंत बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर चावीला हात लावू दिला नाही कोणाला. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग जे काही हजारांत सुटलं असतं ते लाखावर जातं. विमावालेही इथेच अडवतात : पाण्यात बुडाल्याचं नुकसान वेगळं आणि बुडालेली गाडी सुरू करून झालेलं वेगळं. दुसऱ्यासाठी इंजिनाचं जादा कव्हर घेतलेलं असावं लागतं.

बॅटरी काढली. गाडी दोरीने ओढून चढावर नेली. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शिअल, सगळीकडचं ऑइल सोडलं. दुधाळ चहासारखं आलं. टाकी उतरवून धुतली. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवलं तेव्हा सिलिंडरमधून चिखलाच्या पिचकाऱ्या उडाल्या. स्वस्त ऑइल घालून थोडं चालवायचं, सोडायचं, पुन्हा घालायचं, रंग स्वच्छ येईपर्यंत. स्टार्टर आणि अल्टरनेटर खोलून वाळवले. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती. सीट, कार्पेट, दारांची आतली पॅनेलं सगळी अंगणात. ब्रेकचे ड्रम उघडले तर आत पुराचा गाळ वाळून वीट झालेला. व्हील बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरलं.

लोक एक जागा विसरतात : चेसिसच्या पोकळ पट्ट्या. त्यांच्या भोकांतून पाण्याचा पाइप घालून गाळ काढला नाही तर तो पुढची कित्येक वर्षं ओल धरून बसतो आणि आतून गंज सुरू. बाहेरून काहीच दिसत नाही.

माझी जुनी गाडी गणपतीच्या आधी चालू झाली. भावाच्या गाडीचं एकेक कंट्रोल युनिट आणि अख्खं वायरिंग हार्नेस धरून एवढा अंदाज निघाला की विमा कंपनीने टोटल लॉस धरला. तेव्हा धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर : वायरिंग.

फोंड्याची (गोवा)

माझं उत्तर गंज, आणि मी वाद घालायला तयार आहे. वायरिंग विकत मिळतं. चेसिस विकत आणून नव्या नंबराची नोंद करून घ्या बघू.

इथे खारी हवा, चार महिने पाऊस आणि खाणीकडची लाल माती. सेकंडहँड गाडी बघायला गेले तेव्हा खालून काळंभोर ताजं अंडरकोटिंग, विकणारा अभिमानाने दाखवत होता. सोबतच्या टिंकरने स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत आवाज ऐकला. टण्‌ टण्‌ टण्‌, आणि मागच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी थप्प. कोटिंग खरवडलं तर खाली पापुद्रे. गंजावर डांबरी लेप मारला की ओल आत कोंडते आणि गंज पत्रा अधिक जोमाने खातो. ती सोडली, दुसरी घेतली.

दुसरीसाठीचा माझा रिवाज : पावसाआधी दारांच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करणं, वायपरखालच्या जाळीतला पाचोळा काढणं, पाऊस संपल्यावर कार्पेट उचलून फ्लोअर बघणं. बीचवर चाक लागलं तर त्याच दिवशी खालून गोडं पाणी.

पाटाकमान

ताई, आमच्याकडे सर्व्हिसिंगला डिझेल आणि जळक्या ऑइलचा फवारा मारतात, तो चालतो का?

फोंड्याची

पत्र्याला ठीक, रबराला वाईट. तुम्ही एवढे नवे बुश टाकलेत, ते फुगवून घेऊ नका. शिवाय ते ऑइल पहिल्या पावसात रस्त्यावर आणि तिथून विहिरीत.

अन्‌आर्बरकर (मिशिगन)

फोंड्याच्या ताईंना अनुमोदन. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. इंजिन मजेत चालू असताना फ्रेमला हात आरपार जाईल अशा गाड्या मी पाहिल्यात. आमच्या राज्यात सक्तीची वार्षिक तपासणीही नाही, त्यामुळे मालकाने स्वतः खाली वाकून बघायचं. दर शरद ऋतूत लॅनोलिनचा (लोकरीच्या चरबीचा) फवारा मारून घेतो. आणि बोल्ट! भारतात पाना लावला की सुटतो, इथे आधी गॅसचा टॉर्च पेटवून तापवावा लागतो.

सेन्सरग्रस्त (पुणे)

वायरिंगवाल्यांसाठी. माझी गाडी मधूनच ताकद सोडायची, चेक इंजिनचा दिवा, वारजे पुलावर ट्रकवाल्यांच्या शिव्या. एका मोठ्या वर्कशॉपने "ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला" म्हणून जो आकडा सांगितला तेवढ्यात गाडीच विकत मिळाली असती. जुन्या पद्धतीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवलं. त्याने स्कॅनर लावलाच नाही. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हला, एक इंजिन ब्लॉकला, आणि स्टार्टर मारायला सांगितला. जिथे जवळपास शून्य दिसायला हवं तिथे व्होल्टेज दिसत होतं. इंजिनाला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडून कुजली होती. नवी पट्टी, पॉलिश पेपरने घासलेला पत्रा, थोडं ग्रीस. दिवा गेला तो गेलाच.

अर्थिंग खराब असलं की सगळेच सेन्सर खोटं बोलतात आणि स्कॅनर ते इमानदारीने छापतो. ईसीयू बदलायच्या आधी एवढी तपासणी मागून घ्या.

वायरी कुरतडणाऱ्या उंदरांवर तंबाखूची पुडी चालत नाही. आमचे तर ती पुडीही घेऊन गेले. गाडी रोज हलवणं हाच उपाय.

जिप्सीवाला (संभाजीनगर)

पेट्रोलवाले इथे मी एकटाच दिसतो. जिप्सी लष्कराने वर्षानुवर्षं वापरली, त्यामुळे सुट्या भागांची ददात नाही. डोकेदुखी आहे ती 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे वॉशर त्यासाठी केलेले नाहीत, फुगतात आणि चिरतात. पेट्रोलचा वास आला की वाट बघू नका, आग लागायला तेवढं पुरतं. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घातल्या. इथेनॉल हवेतली ओलही ओढतं, म्हणून महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवणाऱ्यांनी टाकीचा तळ एकदा बघावा.

घाटउतार (वाई)

ब्रेक ऑइलबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. पसरणी घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. आणि टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणून खुश होऊ नका, बाजूवरचे चार आकडे वाचा. 3218 म्हणजे 2018 चा 32 वा आठवडा. जुन्या एसयूव्हींची स्टेपनी बहुतेक वेळा गाडीच्याच वयाची निघते.

कागदपत्री (ठाणे)

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर आलाच. एप्रिल 2022 पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी 5,000 झाली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती 10,000 केली. उशीर केला तर दरमहा दंड. एप्रिल 2019 च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षित नंबरप्लेटही.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांना भुलणाऱ्यांसाठी : तिकडे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदी आली म्हणून त्या इकडे येऊ लागल्या. एनओसीची (ना-हरकत दाखल्याची) तारीख आणि इथे भरावा लागणारा रोड टॅक्स धरून हिशेब करा. माझ्या साडूच्या गाडीत सगळा फायदा तिथेच गेला.

पाटाकमान

सगळ्यांचे आभार. गंज पुढे आहे, वायरिंग दुसरं, इंजिनाला अजून एकही मत नाही. रविवारी कार्पेट उचलतो आणि ठोकून बघतो. एक विचारायचं राहिलं : मागच्या बाजूच्या काचेचं रबर कडक होऊन पाणी आत येतंय. डीलरकडे शिल्लक नाही म्हणतात.

सेन्सरग्रस्त

नाना पेठेत जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून न्या. मॉडेलचं नाव सांगू नका, छेद दाखवा. मीटरवर मिळतं. जोड खालच्या बाजूला घ्या, वर नको.