इंदूरला ब्लड गॅसचं गणित ७६० धरूनच करायचं का?

नंदलालपुरा_२
पेशंट वडील, वय ७२. हर्नियाच्या ऑपरेशनआधी धमनीतल्या रक्ताची तपासणी (ब्लड गॅस) केली, तेव्हा ऑक्सिजन लावलेला नव्हता. पीएच ७.४१, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३८, ऑक्सिजनचा ७८ (मिमी पारा). मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून पुस्तकातलं सूत्र घालून पाहिलं (हवेचा दाब ७६०, श्वासातल्या वाफेचा दाब ४७, हवेतला ऑक्सिजन २१ टक्के, ०.८ म्हणजे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भागिले शोषलेला ऑक्सिजन):
(७६० − ४७) × ०.२१ = १५०
१५० − (३८ ÷ ०.८) = १०२
वायुकोशात (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत) १०२ आणि धमनीत ७८, म्हणजे फरक २४. वयाप्रमाणे चालणारा फरक म्हणजे वयाचा चौथा हिस्सा अधिक ४, तो येतो २२. मग फुप्फुसात दोष आहे असं धरायचं का? धाप नाही, खोकला नाही, विडी-सिगारेट कधीच नाही. घरच्या ऑक्सिमीटरवर ९५-९६ येतो. मुंबईला ताईकडे तेच यंत्र ९७ दाखवायचं.

वायुकोश
सूत्र बरोबर आहे, ७६० चुकलं. तो आकडा समुद्रकाठचा. इंदूर साधारण ५५० मीटरवर आहे. एवढ्या उंचीपर्यंत दर १०० मीटरला हवेचा दाब सुमारे ९ मिमी पारा उतरतो, म्हणजे आपल्याकडे धरायचे ७१२ च्या आसपास. आता परत करा:
(७१२ − ४७) × ०.२१ = १४०
१४० − ४७.५ = ९२ (पूर्णांकात)
९२ − ७८ = १४
२२ च्या कितीतरी आत. तुमच्या गणितात फुप्फुस नाही, गाव आजारी पडलं होतं.

४७ मात्र बदलायचे नाहीत. नाक आणि श्वासनलिका हवेला ३७ अंशांपर्यंत गरम करून वाफेने पूर्ण भिजवतात. त्या वाफेचा दाब तापमानावर ठरतो, उंचीवर नाही. त्यामुळे जितकं वर जाल तितका एकूण दाबातला वाफेचा वाटा वाढत जातो. पचमढीला (सुमारे १०६७ मीटर) दाब ६७० च्या जवळ येतो, आणि हेच वडील तिथे गेले तर वायुकोशात साधारण ८३ च उरतील.

मुंबईच्या ९७ बद्दल. फरक तोच १४ धरला तर तिथे त्यांच्या धमनीत ऑक्सिजन ८८ च्या घरात असेल. ७८ आणि ८८ हे दोन्ही हिमोग्लोबिनच्या वक्राच्या (ऑक्सिजनच्या कुठल्या दाबाला हिमोग्लोबिन किती भरतं त्या आलेखाच्या) सपाट भागात पडतात, म्हणून दाबात १० चा फरक असूनही ऑक्सिमीटरवरचा टक्का (सॅच्युरेशन) जेमतेम एकानेच हलतो. घरगुती यंत्राची चूकच दोन टक्के इकडे-तिकडे असते, तेव्हा ९५ आणि ९७ वरून काही ठरवू नका. खरी घसरण ६० च्या खाली सुरू होते. ६० ला साधारण ९० टक्के, ४० ला ७५, आणि २७ ला निम्मंच.

खान_नदी
मोबाईलवर इंदूरचा दाब १०१२ हेक्टोपास्कल दाखवून राहिलाय. पाऱ्यात केला तर ७५९ होतो. मग ७१२ कुठून आणले?

वायुकोश
हवामानाचं ॲप समुद्रसपाटीला आणलेला दाब दाखवतं, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करता येते. छातीत जाते ती इथली हवा, तिचा दाब ९४९ हेक्टोपास्कलच्या आसपास. ॲपचा आकडा सूत्रात घालणं ही ७६० घालण्याइतकीच चूक. ब्लड गॅसच्या यंत्रात स्वतःचा दाबमापक असतो. बऱ्याच रिपोर्टांवर तो आकडा छापलेला असतो, तोच घ्या.

सिरिंज_ते_स्लिप
लॅबच्या बाजूने. फरक मोजण्याआधी ७८ हा आकडा खरा आहे का ते बघा. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर रक्तातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेकडे, म्हणजे दीडशेकडे सरकतो आणि कार्बन डायऑक्साइड उतरतो. आजारी माणूस चांगला दिसतो, म्हणून ही चूक जास्त वाईट. नमुना खोलीत पडून राहिला तर उलटं होतं. पांढऱ्या पेशी ऑक्सिजन खात राहतात. प्लास्टिकच्या सिरिंजमधला नमुना अर्ध्या तासाच्या आत यंत्रात गेला पाहिजे. सिरिंजमध्ये पातळ हेपारिन (रक्त गोठू नये म्हणून घालतात ते औषध) जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड खोटाच कमी येतो. आणि ऑक्सिजन ४०, सॅच्युरेशन ७५ असं आलं, पण पेशंट आरामात बोलतोय, तर सुई शिरेत गेली होती असं समजा.

आधी ऑक्सिजन लावलेला असेल तर काढल्यावर वीस-तीस मिनिटं थांबूनच रक्त घ्यायचं.

नमुना झोपवून घेतला की बसवून, तेही विचारा. वय वाढतं तसे फुप्फुसाच्या तळातले बारीक श्वासमार्ग श्वास सोडताना लवकर मिटतात. साधारण ६५ नंतर बसल्या जागीसुद्धा नेहमीच्या श्वासात काही मिटायला लागतात, आडवं झाल्यावर आणखी. तिथून रक्त जातं पण हवा पोहोचत नाही, म्हणून ऑक्सिजन काही मिमीने कमी येतो.

नंदलालपुरा_२
रिपोर्टच्या तळाला दाब ७११ छापलाय! नमुना झोपवून घेतला होता. ऑपरेशनला हरकत नाही ना मग?

वायुकोश
ते भूलतज्ज्ञच सांगतील. हा फरक फक्त वायुकोशातून रक्तात ऑक्सिजन नीट उतरतो एवढंच दाखवतो. श्वासनळ्या आखडल्यात का, खोकण्याचा जोर किती, हे त्यातून कळत नाही, त्याला स्पायरोमेट्री (नळीत जोरात फुंकून करायची तपासणी). हिमोग्लोबिनही बघून ठेवा. १५ ग्रॅमला १०० मिलि रक्तात सुमारे २० मिलि ऑक्सिजन बसतो, ९ ग्रॅमला जेमतेम १२, आणि ऑक्सिमीटर दोघांनाही ९७ दाखवेल.

घरी मोजताना पाच मिनिटं स्वस्थ बसवा, बोट गरम हवं, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी नको, आकडा अर्धा मिनिट स्थिर राहिला की लिहा. असं मोजून बसल्या जागी ९२ किंवा त्याखाली येत राहिलं तर इंदूरच्या उंचीला दोष देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.