देवकुंड धबधब्याच्या छायाचित्रांत पाणी पांढरेफटक का येते?

प्रश्न: ऑक्टोबरअखेरीस भिऱ्याहून जंगलवाटेने देवकुंडला गेलो होतो. भर दुपारच्या उन्हात टिपलेल्या छायाचित्रांत पाणी चुन्यासारखे पांढरेफटक आले असून भोवतालचा कातळ मात्र काळाठिक्कर दिसतो. माझे काय चुकले असावे?

प्रतिसाद १: चुकली ती वेळ. ओला बेसाल्ट (तिथला काळा कातळ) आणि उन्हात चमकणारा फेस यांच्या उजेडातील तफावत एकाच छायाचित्रात पेलणे कॅमेऱ्याला अवघड जाते. म्हणून ऊन कुंडात उतरण्यापूर्वी पोहोचावे किंवा ढगाची वाट पाहावी. ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/११ आणि शटर पाव ते अर्धा सेकंद उघडे ठेवल्यास धारांचे तंतू टिकतात. पाच सेकंदांत त्यांचा नुसता कापूस होतो, जो मला तरी रुचत नाही.

प्रतिसाद २: पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) भिंगावर लावून हळूहळू फिरवा, म्हणजे ओल्या पानांवरची चकाकी उतरून हिरवा रंग खुलतो, शिवाय एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) उजेडही घटतो. तुषार सतत भिंगावर बसत असल्यामुळे प्रत्येक छायाचित्रापूर्वी काच पुसावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पोलरायझर होता, पण तो दिवसभर पिशवीतच राहिला!